परवा मास्तर

धाकट्यानं लिहून आणलेल्या कागदावर वडिलांचं सबंध आयुष्य सहा विशेषणांत उरकलेलं होतं. त्यातलं तिसरं विशेषण होतं 'वक्तशीर'. थोरलीनं कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. शब्द जागचा हलला नाही.

"हे कोणाबद्दल आहे?"

"बाबांबद्दल. दुसरं कोण गेलंय आपल्याकडे?"

"वक्तशीर?"

"ताई, शोकसभेच्या कागदावर असंच लिहितात. पद्धत असते ती." धाकटा विमा कंपनीत अधिकारी होता. जिवंत माणसाच्या मरणाबद्दल आणि मेलेल्या माणसाच्या जगण्याबद्दल सारख्याच गुळगुळीत भाषेत बोलायची कला त्याला नोकरीनं शिकवली होती.

"आणि हा चौथा? मितभाषी?"

"त्यात काय झालं?"

"बाबा मितभाषी असते तर अर्ध्या गावाला कपडे वेळेवर मिळाले असते."

धाकट्यानं कागद तिच्यासमोरच ठेवला. "मग तूच लिही. रविवारी पाच वाजता टेलर संघटनेच्या हॉलमध्ये सभा आहे. गुरुवारी छापायला द्यायचंय. तू मुख्याध्यापिका, भाषा तुझी चांगली, आणि तुझ्या हातून आजवर कुठल्या कामाला उशीर झालाय का?"

यात टोमणा नव्हता, वस्तुस्थिती होती. तरी थोरलीला ते काळजापर्यंत लागलं. का लागलं, हे धाकट्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तिला तरी तसं वाटत होतं.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, वडिलांचा शाळेत फोन आला. म्हणाले, "तुझं माप जुनं झालंय. येऊन जा जरा." शाळेत तपासणी चालू होती, टेबलावर हजेरीपटांचा ढीग होता, दारात दोन तपासनीस चहाची वाट बघत उभे होते. थोरली म्हणाली, "परवा येते." आणि बुधवारी सकाळी दुकानात सुईत दोरा ओवता ओवता वडील गेले. मंगळवार आणि गुरुवार यांच्या मध्ये एक बुधवार असतो, ही गोष्ट शाळेचं वेळापत्रक तीस वर्षं स्वतःच्या हातानं आखणारी बाई नेमकी त्या दिवशी विसरली.

आणि शब्द तरी कुठला यावा तोंडून? तर परवा. ज्या शब्दाशी तिनं जन्मभर उभा दावा मांडला होता, तोच.

त्या शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय तिच्या वडिलांची गोष्ट सांगता येत नाही, कारण गावात त्यांना परवा मास्तर म्हणत. घरावर पाटी खऱ्या नावाची होती, पण त्या नावानं चौकशी केली तर पोस्टमनसुद्धा विचारात पडायचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून, दोन पायऱ्या चढून जायचं असं त्यांचं दुकान. आत एक लांब टेबल, दोन मशिनं, एक उभा आरसा आणि आरशासमोर एक स्टूल. या स्टुलावर बसून वाट बघण्यात गावातल्या तीन पिढ्यांचं तारुण्य गेलं.

जन्मालाच मास्तर तीन आठवडे उशिरा आले, असं त्यांची आई सांगायची. पुढं त्यांनी ही सवय मोडू दिली नाही. वेळ पाळायची म्हणजे आपल्यावर घड्याळाचा अविश्वास असल्यासारखं वागणं, असं त्यांचं मत होतं. मात्र गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. कापड घेऊन कुणी पायरी चढलं की मास्तर दोन्ही हातांनी ते घेत, गालाला लावून बघत, माप घेत, आणि गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत त्याच्या डोळ्यांदेखत कापडाला कात्री लावत. लोकांना वाटे, काय उत्साह आहे या माणसाला. खरी गोम वेगळी होती. एकदा कापड बेतलं की ते दुसऱ्या शिंप्याकडे नेता येत नाही. कात्री लागली की गिऱ्हाईक अडकलं. मग विचारायचं, "मास्तर, कधी मिळेल?" आणि मास्तर म्हणायचे, "परवा."

हा शब्द त्यांनी पूर्ण विचार करून निवडला होता. उद्या म्हणणारा माणूस एका दिवसात पकडला जातो. आठवड्यानं म्हणावं तर गिऱ्हाईक वैतागतं. तेरवा म्हणावं तर ऐकतानाच थाप वाटते. परवा मात्र जवळचाही वाटतो आणि हातीही लागत नाही. शिवाय आपल्या भाषेनं या शब्दाला दोन तोंडं दिली आहेत. तो मागंही बघतो आणि पुढंही. मास्तर दोन्ही तोंडांनी बोलत.

"मास्तर, परवा देतो म्हणाला होतात."

"कधी म्हणालो?"

"परवा."

"बघा म्हणजे. परवा म्हणालो परवा."

"म्हणजे आज झाला ना तो परवा?"

"तुमचं गणित चोख आहे हो. बाही राहिलीये फक्त."

ही बाही भिंतीवर एका खिळ्याला टांगलेली असे. राखाडी रंगाची, खांद्याशी कच्चे टाके घातलेली, अकरा वर्षं तिथंच. ज्या कुणाचा कोट शिवायला असेल त्याला मास्तर ती दाखवत. "ही काय, तुमचीच." गिऱ्हाईक समाधानानं पायऱ्या उतरे. एकदा दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण माझं कापड तपकिरी आहे." मास्तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही उलटी बाजू बघताय." डॉक्टर माणसं लोकांच्या तोंडात बघून बघून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं विसरतात की काय कोण जाणे, पण ते गप्प घरी गेले. ती बाही मुळात कुठल्या कोटाची, हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

संतापलेली माणसं म्हणत, "मास्तर, तुम्हाला गिऱ्हाइकाची पर्वा नाही." मास्तर म्हणत, "आहे की. एका रफाराचा तर फरक आहे."

घरी वेगळा कायदा होता असं नाही. थोरली आणि धाकटा दोघंही दर वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी आदल्या वर्षीचा गणवेश घालून गेले, घोटे उघडे टाकून. टेलरची मुलं म्हणून वर्गात त्यांची जी काही थट्टा व्हायची, तिच्यातून धाकटा गोड बोलायला शिकला आणि थोरली घड्याळ बघायला. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरदेवानं डावा हात सबंध वेळ बरगडीला घट्ट चिकटवून ठेवलेला दिसतो. पाहुण्यांना वाटलं, हाताला काही इजा आहे. इजा होऊ नये म्हणूनच तो तसा उभा होता. सासऱ्यानं शिवलेल्या कोटाच्या त्या बाजूला टाके नव्हते, सोळा टाचण्या होत्या. "फोटोत दिसत नाहीत," असा मास्तरांनी धीर दिला होता. खरंच दिसत नाहीत. जावयाचा चेहरा तेवढा दिसतो.

अशा माणसाची मुलगी पुढं काय होणार? शाळेत मुलं तिला घड्याळबाई म्हणत. घंटा वाजवणारा शिपाई आपलं घड्याळ तिच्या पावलांवर लावून घेई. 'परवा' हा शब्द शाळेच्या सूचनाफलकावर तिनं तीस वर्षांत एकदाही येऊ दिला नाही. वार आणि तारीख लिहा, असा तिचा दंडकच होता.

तरीही लोक मास्तरांकडेच का जात, हा प्रश्न उरतो. गावात वेळेवर कपडे देणारे चार टेलर होते. त्यांच्याकडे गर्दी नसे. कारण मास्तरांचा कपडा जेव्हा केव्हा मिळे, तेव्हा तो अंगावर चढवल्यावर माणूस आरशात स्वतःला नमस्कार करायचा बाकी राही. पोस्टातले कारकून घ्या. पस्तीस वर्षं एकाच बाजूला वाकून शिक्के मारल्यानं त्यांचा उजवा खांदा दोन बोटं उतरला होता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मास्तरांनीही सांगितलं नाही. मास्तरांनी गुपचूप कोटाच्या उजव्या खांद्यात थोडा कापूस जास्त भरला. कोट घालून कारकून सरळ दिसू लागले, आणि आपण मुळातच सरळ आहोत असं समजून उरलेलं आयुष्य ऐटीत जगले. कुणाचं पोट सुटलं तर मास्तर टेपकडे बघतच नसत, नजरेनंच कमरेत दीड बोट सोडत आणि वर म्हणत, "बारीक झालात." या थापेवर मात्र कुणी कधी तक्रार केली नाही.

उशिराचं कारण ही कारागिरी होती असं लिही, असं धाकट्यानं जाता जाता सुचवलं होतं. थोरलीला ते लिहिणं जमेना. उशिराचा फार तर तिसरा हिस्सा कारागिरीचा. बाकी दोन हिस्से गप्पा. स्टुलावर बसलेल्या माणसाला एकट्याला बसवून ठेवणं मास्तरांना असभ्य वाटे. मग ते मशीन थांबवून त्याच्याशी बोलत बसत. बोलून संपेपर्यंत दुसरा येई. त्याचाही कपडा झालेला नसे, कारण मास्तर पहिल्याशी बोलत होते.

एवढं सगळं तिला पाठ होतं. पेन उघडलं की पहिली चार वाक्यं झरझर येत. पाचव्या वाक्यात परवा हा शब्द आला की पेन अडे. वडिलांच्या आयुष्यभराच्या परव्यांवर हसणारा कागद लिहायचा आणि स्वतःच्या एका परव्याबद्दल मूग गिळून बसायचं, हे तिच्यातल्या मास्तरणीला पटेना. आणि तो लिहायचा तर सगळ्या गावासमोर मान्य करायचं, की बाप बोलावत होता आणि मी हजेरीपट तपासत बसले. गुरुवार उजाडला तरी कागद चार वाक्यांचाच होता.

दुपारी संघटनेच्या चिटणिसांचा फोन आला. हे चिटणीस फक्त पँटी शिवत, म्हणून त्यांना पँटवाले म्हणत.

"ताई, छापखान्याचा माणूस येऊन बसलाय. कागद?"

"परवा देते," थोरली म्हणाली.

शब्द निसटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, पण फोनला ते दिसत नाही.  हा शब्द पँटवाल्यांनी स्वतः धंद्यात इतक्यांदा वापरला होता, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याबरोबर कागद येणार नाही हे त्यांना उमगलं. "बरं, बरं," ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या." आणि फोन ठेवून त्यांनी धाकट्याला फोन लावला.

शनिवारी दुपारी थोरली वडिलांच्या दुकानात गेली. धाकट्याची मुलगी तिथं अर्धवट कपड्यांच्या गाठोड्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावत होती. कॉलेजातून सुटली की ती रोज आजोबांकडे काज-बटणं करायला येऊन बसे. घरात मास्तरांना कधीही न रागावलेली तेवढी एकच व्यक्ती, कारण आजोबांकडून तिला काही शिवून घ्यायचं नसे. ती दुकानातून जीन्स विकत घेई.

थोरली स्टुलावर बसली. पर्सची चेन उघडमीट करत राहिली.

"आत्या, बोल ना. इथं बसलेला माणूस गप्प राहत नाही."

"त्या मंगळवारी आजोबांनी मला फोन केला, तेव्हा तू होतीस?"

"होते ना. समोरच होते."

 म्हणजे हे आणखी एका माणसाला माहीत होतं. "मी काय म्हणाले, ते सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. फोन ठेवला आणि म्हणाले, 'बघ, घड्याळबाई परव्यावर आली.'"

"कसं म्हणाले? हसून?"

नातीनं हातातली चिठ्ठी खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि मास्तरांच्या हाताखाली ती चांगली तयारही झाली होती. पण आत्याच्या तोंडाकडे बघून तिचा धीर झाला नाही.

"तोंडात टाचण्या होत्या गं, आत्या. टाचण्या असल्या की आजोबांचं हसणं काय आणि चिडणं काय, सारखंच दिसायचं."

"मग पुढं?"

"पुढं काही नाही. मापाच्या वहीत तुझं पान काढून ठेवलं आणि चहा सांगितला."

थोरलीनं मान हलवली. एवढ्यावर ना रडता येत होतं, ना सुटता येत होतं. तिनं पर्स उघडून चार वाक्यांचा कागद काढला, बघितला, आणि तसाच परत ठेवला.

रविवारी पाचला पाच कमी असताना ती हॉलमध्ये पोचली. आत फक्त सतरंजी होती. टेलरांची सभा आणि टेलरांची गिऱ्हाइकं; पावणेसहाला माणसं जमली, आणि त्याला कुणी उशीर म्हणालं नाही. दाराशी पँटवाले छापील कागद वाटत होते. थोरलीनं एक घेतला. वर फोटो, खाली सहा विशेषणं आणि दोन-चार ओळी. धाकट्यानं विमेवाल्याच्या दूरदृष्टीनं आपली एक प्रत राखून ठेवली होती.

हॉलमध्ये ते वाचलं जाऊ लागलं तसा खोकल्याचा एक वेगळाच प्रकार पसरला. पोस्टातले कारकून तिसऱ्या विशेषणापाशी पोचले आणि त्यांना इतका जोराचा ठसका लागला की शेजाऱ्याला पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. अध्यक्ष बोलले. त्यांनी मास्तरांच्या 'शब्दाला जागण्याचा' दोनदा उल्लेख केला, आणि दोन्ही वेळा श्रोत्यांनी आढ्याकडे बघितलं. धाकटा पुढच्या रांगेत हात बांधून प्रसन्न बसला होता.

मग थोरलीला बोलावलं. ती उभी राहिली. बोलायचं काही ठरलेलं नव्हतं, पण समोर चाळीस माणसं आणि हातात चुकीचा मजकूर असला की काय करायचं, हे तिला तीस वर्षांच्या सवयीनं माहीत होतं.

"कागदावरचा तिसरा शब्द चुकला आहे," ती म्हणाली. "खोडा. पेन असेल त्यांनी आत्ता खोडा. नसेल त्यांनी शेजाऱ्याचं घ्या."

चाळीस माणसांनी निमूट पेनं काढली. अध्यक्षांनीही काढलं. धाकटा तेवढा हात बांधून बसून राहिला.

"चौथाही खोडा. शेवटून दुसरी ओळ बघा. 'त्यांनी प्रकृतीची कधीच परवा केली नाही.' रफार राहिलाय छापताना. तो राहू दे तसाच. सबंध कागदात तेवढाच शब्द बाबांचा आहे."

हॉल हसला, आणि मग थांबेना. तिनं बाहीची गोष्ट सांगितली, तर अकरा जणांना ती आपलीच बाही म्हणून दाखवलेली निघाली. तिनं टाचण्यांच्या कोटाची गोष्ट सांगितली. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं नकळत डावा हात बरगडीशी नेला. लोक डोळे पुसत होते, पण शोकसभेत पुसतात तसे नव्हेत. इथंच थांबली असती तर गावानं तिची पाठ थोपटली असती. ती थांबली नाही.

"मी बाबांना या शब्दावरून आयुष्यभर बोलले," ती म्हणाली. "मंगळवारी त्यांनी मला बोलावलं होतं. माप घ्यायला. मी म्हटलं, परवा येते. बुधवारी ते गेले. हे कागदावर नाही, म्हणून सांगितलं."

 धाकट्याचे हात सुटले. थोरली तशीच उभी राहिली, वर्गात उत्तर न आलेली मुलगी उभी राहते तशी.

"मंगळवार ते गुरुवार," दातांचे डॉक्टर मागून म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नसे. "दोनच दिवस? मी चौदा महिने गेलोय त्या कोटासाठी."

"तुमचं सोडा, डॉक्टर, तुम्ही दात काढायला लोकांना सहा-सहा फेऱ्या मारायला लावता," कारकून म्हणाले. मग ते थोरलीकडे वळले. "ताई, एकच ना परवा तुमचा? सबंध जन्मात एक?"

"एक," थोरली म्हणाली. मग खरं बोलायच्या सवयीनं दुरुस्ती केली, "पँटवाल्यांना दिला तो धरून दोन."

"हात् तिच्या. दोन परव्यांसाठी कुणी उभं राहतं का इतका वेळ? बसा खाली."

कुणी तिची नजर चुकवली नाही. कुणी सांत्वनाचं बोललं नाही. शेजारच्या बाईंनी सरकून जागा केली आणि पुढच्या वक्त्याला हाक गेली. समोर बसलेल्या माणसांना तोंडघशी पडायची, थांबायची आणि तरी पुन्हा ती पायरी चढायची सवय होती. एका माणसानं पन्नास वर्षं खपून, थापांवर थापा मारून, ती त्यांना लावली होती. घरच्या माणसाला तिचा उपयोग आज पहिल्यांदा होत होता. थोरली खाली बसली, आणि किती वाजले ते न बघता पुढच्या माणसाची बाहीची गोष्ट ऐकू लागली.